तलवार बदकावर माझी सही

आपल्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "काका, तुमच्या कामाबद्दल लिहा, पण वाचणाऱ्याला प्रेरणा मिळेल असं लिहा." मी विचारलं, प्रेरणा पाहिजे कुणाला? आपल्या मंडळात जो तो एर्लांगेनला संशोधन करतो, नाहीतर न्युरेम्बर्गला संगणकासमोर बसतो. त्यांच्याकडे प्रेरणा इतकी आहे की गणपतीच्या आरतीला टाळ्या वाजवता वाजवता एकमेकांना पगार विचारतात. मी चौथी पास माणूस, तीही मास्तर कंटाळले म्हणून. माझ्याकडे प्रेरणा नाही. मी न्युरेम्बर्गला टपाल तिकिटांच्या दुकानात बारा वर्षं चिमट्याने तिकिटं मोजली. मोजण्यात कधी चुकलो नाही. मोजून झाल्यावर एकदा खोटं बोललो. तेवढंच सांगण्यासारखं आहे.

त्याआधी मी एका हिंदुस्थानी हॉटेलात तंदूरपाशी उभा असायचो. तिथे दर गुरुवारी एक उंच, वाळका जर्मन डाळभात खायला यायचा, हेर, म्हणजे श्रीयुत, ऑर्टनर. त्यांचं जुन्या टपाल तिकिटांचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की मी बाहेरच्या टेबलावर डाळ निवडत बसायचो. ते बघत राहायचे. भट्टीच्या धुराने मला खोकला धरला आणि डॉक्टरने भट्टी बंद केली, तेव्हा हेर ऑर्टनर म्हणाले की ज्याला बोलता बोलता डाळीतला खडा दिसतो, त्याला तिकिटाचा मोडका दाताही दिसेल. उद्यापासून या. ना अर्ज, ना मुलाखत. तुम्ही लोक शंभर अर्ज पाठवता आणि मग मंडळाच्या सहलीत त्याचंच रडगाणं गाता, म्हणून मुद्दाम सांगितलं.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. तिकिटाला बोट लावायचं नाही, चिमट्याने धरायचं. कडेचे दाते मोजायचे, एक जरी आखूड असला तरी माल पडला. मागचा डिंक उजेडात तिरपा धरून बघायचा, त्यावर कुणाच्या अंगठ्याचा ठसा असला तर तिकीट नुसतं पाकिटावर चिकटवायच्या लायकीचं. गिऱ्हाईक येतं, भिंग लावतं, श्वास रोखून बघतं आणि काही न घेता जातं. ज्या वस्तूचा जन्म चिकटण्यासाठी झाला ती कधी चिकटली नाही, म्हणून तिची किंमत. बारा वर्षं हे बघितलं, पण शहाण्या माणसांची ही हौस मला शेवटपर्यंत समजली नाही.

त्यातही कळस म्हणजे बदकाचं तिकीट. हे पत्राला लावायचं नसतं. अमेरिकेत पाणपक्ष्यांची शिकार करायची तर सरकारकडून हे तिकीट दरवर्षी नवं विकत घ्यावं लागतं. त्यावर दरवर्षी वेगळं बदक, नाहीतर हंस, इतकं सुंदर काढलेलं की मारणाऱ्याला लाज वाटावी. आलेल्या पैशातून सरकार पाणथळ जमिनी विकत घेतं आणि पक्ष्यांसाठी राखतं. म्हणजे ज्याला बदक मारायचंय, त्यानेच आधी बदकाच्या घराला हातभार लावायचा. मला ही युक्ती पहिल्याच दिवशी पटली. माझा बाप भंडाऱ्याकडचा ढिवर. तळ्यात मासे धरायचा आणि हिवाळ्यात जाळं लावून बदकं. बदक गेलं, बाप गेला, आणि आता तळ्याच्या अर्ध्या भागावर कुणाचं तरी मंगल कार्यालय आहे. आमच्या तळ्याला कुणी तिकीट लावलं नाही.

हे तिकीट आम्ही तीस गिऱ्हाइकांना दरवर्षी पुरवायचो. त्यात एक दातांचा डॉक्टर होता, पक्ष्यांवर भारी प्रेम. सात-आठ वर्षं घेत होता. एक दिवस त्याला कुणीतरी सांगितलं की हा शिकारीचा परवाना आहे. आला तो पिशवी घेऊन. सगळी तिकिटं काउंटरवर ओतली आणि म्हणाला, मी खुन्यांना पैसे देत होतो. मी म्हटलं, डॉक्टर, खुन्यांनी तळं घेऊन दिलं, तुम्ही काय घेऊन दिलंत? त्याने पैसे मागितले. हेर ऑर्टनरनी पडत्या भावात ती घेतली. सहा महिन्यांनी तोच डॉक्टर चढ्या भावात तीच तिकिटं परत घेऊन गेला. दरम्यान एकाही बदकाला काही कळलं नाही.

दुसरा एक आयश नदीच्या खोऱ्यातला, कार्प माशांची तळी असलेला शेतकरी. त्याला वाटलं की हे तिकीट खिशात असलं की त्याच्या तळ्यावरची बदकं मारता येतील. त्याला समजावता समजावता आमची दुपार गेली. इथे जर्मनीत बदकाला गोळी घालायची तर आधी परीक्षा द्यावी लागते, आणि ती तुमच्या मास्टर्सपेक्षा अवघड असते असं हेर ऑर्टनर म्हणायचे. आणि आपल्यातलाही एक येऊन गेला बरं का. नाव लिहीत नाही, अंक वाचेल. "काका, इन्व्हेस्टमेंट म्हणून हे कसं आहे?" मी म्हटलं, उत्तम आहे, अंडी घालतं.

ही तिकिटं आम्हाला अमेरिकेतून वॉल्टर नावाचा म्हातारा पाठवायचा. स्वतः शिकारी. तो आणि हेर ऑर्टनर तरुणपणापासून एकमेकांना तिकिटं पाठवत आले होते, वॉल्टर बदकं पाठवायचा, हे जर्मनीची तिकिटं. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. पण वॉल्टरचं पाकीट आलं की हेर ऑर्टनर दुकानाचं दार लावून घ्यायचे, आधी पत्र वाचायचे, मग तिकिटं माझ्याकडे सरकवायचे. पाकिटात तिसाच्या यादीला एकतीस तिकिटं असायची. एक जादा, वाटेत कोपरा मोडला तर म्हणून. जादा तिकीट कधी लागायचं नाही. वॉल्टरचा कोपरा कधी मोडत नसे.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात पाकीट आलं तेव्हा हेर ऑर्टनर पाठीच्या उपचारासाठी गावाबाहेर होते. दुकान माझ्यावर. मी पाकीट उघडलं आणि हातातला चिमटा तसाच राहिला. तिकिटावर तलवार बदकांची जोडी. नराच्या शेपटीचं मधलं पीस तलवारीसारखं बाहेर निघालेलं, मानेवर पांढरी रेघ. दिवाळी झाली की आमच्या तळ्यावर हे उतरायचं. बाप म्हणायचा, पाहुणे आले, आणि जाळं काढायचा. आता त्या पाहुण्याला मी न्युरेम्बर्गमध्ये, काउंटरवर, डिंक लावलेला बघत होतो.

मोजली. एकतीस. सोबत वॉल्टरची चिठ्ठी होती, इंग्रजीत. इंग्रजी मला येत नाही. घरी नेऊन मुलीकडून वाचून घेता आली असती, पण मी दुकानाचा माणूस, दुकानाचा कागद घरी कशाला नेऊ? चिठ्ठीत काय असणार, दरवर्षीचंच. तीस गिऱ्हाइकं, एक जादा. ते जादा मी स्वतःसाठी घ्यायचं ठरवलं. साहेब आले की सांगू, पगारातून कापा. सगळ्या आयुष्यात मी हौसेने घेतलेली ही पहिली वस्तू. म्हटलं, बापाने इतकी तलवार बदकं धरली, एक तळं आपल्या नावावर लागू दे.

तिकीट घरी नेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. माझी मुलगी नंदा एर्लांगेनच्या इस्पितळात नर्स आहे. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये देते. तिकिटाच्या मागे बारीक इंग्रजी अक्षरं होती, ती मी तिला वाचायला लावली. ती म्हणाली, लिहिलंय की तिकिटाच्या तोंडावर शाईने सही केल्याशिवाय पाणपक्ष्याची शिकार करणं बेकायदा आहे.

आता माझ्या सहीबद्दल सांगायला हवं. माझ्या बापाने जन्मभर अंगठा लावला. मी मराठीत पूर्ण नाव लिहून सही करतो, शिरोरेघ एका दमात, शेवटच्या अक्षराला शेपूट. इथल्या कचेऱ्यांत बाई म्हणते, हे वाचता येत नाही. मी म्हणतो, वाचायला नाही, ओळखायला आहे. व्हिसाच्या कागदावर, भाड्याच्या करारावर, नंदाच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर, सगळीकडे हीच सही. आणि इथे सरकार छापून सांगतंय की सहीशिवाय हे तिकीट म्हणजे नुसतं चित्र. मी नंदाचं शाळेतलं शाईचं पेन शोधलं आणि दोन्ही बदकांवरून, या कडेपासून त्या कडेपर्यंत, सही ठोकली. नंदा बघत होती. तिने विचारलं, सही केल्यावर दुकानात हे चालतं का? मी म्हटलं, दुकानात नाही चालत, तळ्यावर चालतं.

आठवड्याने हेर ऑर्टनर आले. त्याच दिवशी दुकानात फ्राउ झीग्लर नावाच्या एक वृद्ध बाई बसल्या होत्या. त्यांचा नवरा बदकांची तिकिटं जमवायचा, पहिल्या वर्षापासून एकही खंड नाही. तो वारला, पण बाईंना रांग तुटू द्यायची नव्हती. त्यांचा नेहमीचा दुकानदार धंदा बंद करून बसला होता म्हणून या वर्षीपासून त्या आमच्याकडे. एकतिसावं गिऱ्हाईक. मला याचा पत्ता नव्हता.

हेर ऑर्टनरनी वॉल्टरची चिठ्ठी वाचली, यादी बघितली, पाकिटातली तिकिटं मोजली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"हेर मेश्राम, वॉल्टर लिहितो की या वर्षी पोस्टात तेवढीच मिळाली म्हणून जादा नाही, बरोबर एकतीस पाठवतोय. किती आली होती?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. एक साधं वाक्य होतं, एकतीस होती, एकावर मी सही केली. ते वाक्य जर्मनमध्ये मला येत होतं. पण ज्याने तिकिटाला बोट लावू नका म्हणून लोकांना हाकललं, त्याने पंज्याएवढी सही केली, हे त्या बाईसमोर कसं सांगणार?

"तीस," मी म्हटलं.

हेर ऑर्टनर बाईंकडे वळले. म्हणाले, "आमच्याकडे हे मोजतात. आजवर एकदाही चुकले नाहीत. आल्झो, म्हणजे चूक तिकडची आहे."

मला शिवी दिली असती तर मी कबूल केलं असतं. त्यांनी स्तुती केली, आणि मी आत बंद झालो.

त्यांनी वॉल्टरला पत्र लिहिलं. चांगलंच कडक असावं, कारण लिहिताना जीभ दातांत धरली होती. फ्राउ झीग्लर दर मंगळवारी यायच्या, खुर्चीवर बसायच्या, विचारायच्या, आलं का? मी त्यांना कॉफी द्यायचो. असली कॉफी मी जन्मात कुणाला दिली नसेल, दूधसाखर विचारून विचारून.

तीन-चार आठवड्यांनी पाकीट आलं. हेर ऑर्टनरनी दार लावून घेतलं आणि पत्र मला जर्मनमध्ये वाचून दाखवलं. वॉल्टरने लिहिलं होतं की मी तीनदा मोजली होती, पण तू म्हणतोस म्हणजे मी चुकलो असणार. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मुलगा म्हणतोच आहे की मला आता नीट दिसत नाही. मी त्याला वेडा म्हणत होतो, आता गप्प बसतो. ज्याला एकतीस कागद मोजता येत नाहीत त्याने बंदूक घेऊन तळ्यावर जाऊ नये. सोबतचं तिकीट मी माझ्यासाठी घेतलेलं होतं, बाईंना दे. पुढच्या वर्षीपासून दुसरा कुणी बघ.

हेर ऑर्टनरनी पत्राची घडी केली, खणात ठेवली आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

मी घरी गेलो. न राहवून नंदाला सांगितलं, पण कसं सांगितलं बघा: म्हटलं, तो म्हातारा नाहीतरी थकलाच होता, बरं झालं, कुणाला गोळी लागली असती म्हणजे? नंदाने हातातलं ताट खाली ठेवलं. जर्मनमध्ये मला ती 'तू'च म्हणते, मराठीतही 'तुम्ही' उतरलंच नाही. त्या दिवशी पहिल्यांदा तिने मला जर्मन सोडून उत्तर दिलं.

"आप्पा, तो माणूस आंधळा नाही झाला. तू त्याला आंधळा केलास."

मोडकं मराठी. पण त्यात खडा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर मी सहीचं तिकीट काउंटरवर ठेवलं, चिमट्याने नाही, बोटांनी. म्हटलं, एकतीस होती. हेर ऑर्टनरनी भिंग लावलं आणि बराच वेळ बघितलं, जणू एखादं दुर्मिळ तिकीट आहे. मग म्हणाले, "तुम्ही याच्यावर सही केलीत."

"मागे तसं लिहिलंय."

"ते शिकाऱ्यांसाठी, हेर मेश्राम."

"मग तुमच्या यादीतले एकतीस लोक कोण आहेत?" मी म्हटलं. बघा, तेव्हाही तोंड बंद ठेवता आलं नाही. अख्ख्या दुकानात कायद्याने चालणारं हे एकच तिकीट आहे, असंही म्हणालो.

ते ओरडले नाहीत. नोकरीवरून काढलंही नाही. त्यांनी कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, वॉल्टरला तुम्ही लिहा. मी म्हटलं, मला इंग्रजी येत नाही. ते म्हणाले, खोटं बोलताना भाषा आडवी आली नव्हती.

मी मराठीत लिहिलं, खाली नंदाने इंग्रजी केलं. चारच ओळी. एकतीस होती. तुमचे डोळे चांगले आहेत. मी खोटं बोललो. पुरावा म्हणून तिकीट पाठवतो. खाली सही. तिकिटावरची आणि पत्रातली ताडून बघा म्हटलं.

उत्तर आलं नाही. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. फ्राउ झीग्लर तिकीट घेऊन कधीच गेल्या होत्या, वॉल्टरचं तिकीट, त्यांना कुणी काही सांगितलं नाही. दुकानात एकच गोष्ट बदलली. मी मोजून पाकीट पुढे सरकवलं की हेर ऑर्टनर ते माझ्यासमोर पुन्हा मोजायचे. आलेल्या प्रत्येक पाकिटाचं तेच. तंदूरपाशी हात भाजायचा तो यापेक्षा बरा. सुरुवातीला वाटलं, सोडावी नोकरी, आपल्याला कुणी असं मोजलेलं चालत नाही. मग वाटलं, सोडून गेलो तर हेही खोटंच होईल.

नोव्हेंबरात वॉल्टरचं पत्र आलं. त्यात माझं तिकीट परत. लिहिलं होतं की तळ्यावर तपासणी झाली, तुझं तिकीट कुठाय विचारलं, मी सांगितलं की जर्मनीत एका बाईकडे आहे, कुणाचा विश्वास बसला नाही. पोस्टात जाऊन दुसरं घ्यावं लागलं. दोन बदकं मिळाली, सहा चुकली, पण सहा तर मी तरुणपणीही चुकायचो. मुलगा आता माझ्याशी बोलत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे. शेवटी माझ्यासाठी एक ओळ: सही देखणी आहे, पण शाई पसरली आहे. पाणपक्ष्यांच्या कामाला असलं पेन घेऊन कुणी जातं का? बॉलपेन वापर.

ते तिकीट मी पासपोर्टच्या पाकिटात ठेवलंय. त्या हंगामापुरतंच चालणारं होतं, हंगाम कधीच संपला. बाजारात त्याला कुणी उभं करणार नाही. आपल्या इन्व्हेस्टमेंटवाल्याला मी दाखवलं. त्याला दुःख झालं, माझ्यासाठी.

पुढच्या उन्हाळ्यात वॉल्टरचं पाकीट पुन्हा आलं. बाहेरच लिहिलं होतं: यादीची एकतीस, वर एक जादा, तीनदा मोजली, चौथ्यांदा बायकोने. त्या वर्षी लांब शेपटीचं समुद्री बदक होतं, आमच्या तळ्यावर कधी न आलेलं. हेर ऑर्टनरनी दार लावलं, पत्र वाचलं, पाकीट माझ्याकडे सरकवलं. मी मोजलं. बत्तीस म्हटलं. त्यांनी पाकीट ओढून घेतलं आणि नेहमीप्रमाणे पुन्हा मोजलं, एकेक, चिमट्याने.

"बत्तीस," ते म्हणाले. "गेनाऊ. बरोबर."

मग एक तिकीट बाजूला काढून माझ्यापुढे सरकवलं आणि खिशातलं बॉलपेन काढून त्याच्या शेजारी ठेवलं. मी टोपण काढलं, हात पुसला आणि सही सुरू केली. ते मात्र तोवर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. चाळीस वर्षं तिकिटं विकलेला माणूस, त्यांच्याच्यानं ते बघवलं नाही.